सुमनचा कॅमेरा, ओटी आणि ठाण्याचे साहेब

ता. २ नोव्हेंबर १९५९, सोमवार

ओवे गावाहून दिवेलागणीला पनवेलला परत. बैलगाडीने हाडं खिळखिळी झाली, पण मन असं हलकं आहे की काय सांगू.

बायजाबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. सातवा महिना. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, अंबाड्यावर शेवंतीची जाळी, हातात फुलांचं धनुष्य. पोरगी इतकी लाजली की मान वर करीना. आमची सून सुमन कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घालून म्हणते, "वर बघ गं. पोटातल्याला सांग, ती बघ आजी चादर घेऊन उभी आहे." आजी म्हणजे मी! खिडकीसमोर पांढरी चादर ताणून उभी. बाहेरचा उजेड चादरीवर पडतो नि तिथून परत तोंडावर, हे मला सुनेनेच शिकवलं. पोरगी फिस्सकन हसली, सुमनने रबरी फुगा दाबला. झालं. ते हसू आता कागदावर राहिलं जन्मभर.

हे गेले त्याला सात वर्षं. तेव्हापासून असल्या कार्यात मला आतल्या खोलीत बसवतात, जेवायला वाढतात, मान देतात, पण आतच. वाईट कुणी वागत नाही. रीत आहे. आता मात्र चादर धरायला माणूस लागतो ना! सगळ्या सवाष्णी थांबून राहतात आणि सुमन म्हणते, "आई, थोडं डावीकडे." मग मी थोडी डावीकडे. ओटी भरायची वेळ आली की मी आपणहून मागे सरते, कुणाला सांगावं लागत नाही. पण फोटूपुरती मी सगळ्यांच्या पुढे.

सुमनची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. शिवाय गाडीत अर्धं पोतं तांदूळ नि वालाच्या शेंगा. खणाच्या घडीत नेहमीसारखी नोट होती. हातात पैसे कुणी देत नाही, ते बरं दिसत नाही.

ता. ९ नोव्हें., सोम.

ठाण्याच्या इन्कमट्याक्सच्या ऑफिसातून माझ्या लेकाला, बाळला बोलावणं. (बेबी म्हणते, आजी, टॅक्स असं लिही. तिसरीत आहे, सगळ्यांच्या चुका काढते.)

बाळने मला बसवून समजावलं. बंदरावरच्या आपल्या कौलांच्या वखारीचं उत्पन्न तो दरसाल कळवतो. गेल्या साली त्यातून सुमनच्या फोटूचा खर्च वजा केला. कागद, फिल्म, ती वासाची औषधं, आणि मुख्य म्हणजे मुंबईहून आणलेला एन्लार्जर, फोटू मोठा करायचं यंत्र. एष्टीत मांडीवर घेऊन आलो होतो आम्ही दोघी आळीपाळीने, तान्हं मूल आणावं तसा. कंडक्टर म्हणाला, "आजी, ह्याचं तिकीट?" असो. भरकटले.

तर साहेब विचारतात, हा धंदा आहे की घरच्या बाईचा शौक?

मी म्हटलं, "त्यात काय फरक?"

बाळ म्हणाला, "आई, धंद्यात खर्च झाला तर तो वजा होतो. शौकात झाला तर तो आपला आपल्यापाशी. वर दंडही बसेल."

"मग धंदा आहे म्हणून सांग की."

"सांगून भागत नाही. दाखवावं लागतं."

मग सुमनला ऐकू जाणार नाही असं बघून म्हणाला, शौक ठरला तर एन्लार्जर विकायचा. यंदा वखारीत तसंही मंदी आहे, पुढे कागदालासुद्धा पैसे काढता येणार नाहीत. पण सुमन दारातच होती. हातातलं तांदळाचं सूप तसंच. आत जाऊन तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच परत निवडले.

शौक म्हणे! पेणला तिच्या वडिलांचा स्टुडिओ. दहा वर्षांची असल्यापासून ती काचेवर बारीक पेन्सिल फिरवून लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण पुसत आली. मुलगा नव्हता म्हणून वडिलांनी कॅमेरा हिला दिला. लग्नात रुखवतात लाडूचिवड्याच्या शेजारी तीन पायांचा कॅमेरा बघून आमच्याकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. मीसुद्धा हसले असेन.

ता. १५ नोव्हें., रवि.

ओक वकील घरी येऊन गेले. हे इन्कमटॅक्सचंच काम करतात. माणूस चांगला, पोहे दोनदा घेतले.

सुमनला म्हणाले, "वहिनी, पाटी आहे का?"
"नाही."
"दर ठरलेले?"
"नाहीत."
"पावती देता?"
"कुणाला देणार? ती माझी ओटी भरते, मी तिला पावती देऊ?"

मग मीच आतून खण आणले. एका पेटीत भरून ठेवलेत, इतके झालेत की शिवून घालायला दोन जन्म लागतील. ओकांनी एक हातात घेतला, उलटा केला, ठेवला. म्हणाले, "आजी, हे साहेबांपुढे कसं मांडू मी?"

"का? चांगले इरकली आहेत."

बाळने डोकं धरलं. ओक हसले. मला कळलं की मी काहीतरी भलतंच बोलले, पण काय ते नाही कळलं.

मग ओकांनी सांगितलं ते असं. चौकशीला इन्स्पेक्टर येईल. ज्यांचे फोटू काढले त्यांना भेटेल. त्यांनी एवढंच म्हणावं की हो, आम्ही फोटूचे पैसे देतो. बस्स, बाकी ते बघून घेतील. मला इतकं बरं वाटलं! एवढंच ना? आपली माणसं काय खोटं सांगतील?

बाळ म्हणाला, आधी जाऊन सगळ्यांना सांगून ठेवू. ओक म्हणाले मुळीच नको, ते पढवल्यासारखं होईल.

ता. २४ नोव्हें., मंगळ.

इन्स्पेक्टर आला. लहान पोरगाच, मिसरूड फुटलेलं. बूट बाहेर काढून आला, घरचं वळण दिसतं. न्हाणीशेजारची अंधारखोली दाखवली. लाल दिवा लावला तर म्हणाला, "इथे देव आहेत का?" मी म्हटलं नाही, इथे माणसं निघतात. दोरीवर ओव्याची पोरगी चिमट्याला लटकत होती, धनुष्यासकट, हसत.

कुणाकुणाचे फोटू काढले विचारलं. मी धडाधड नावं सांगितली. मागल्या आळीच्या हमीदाबी, ओव्याच्या बायजाबाई, तलावापलीकडच्या देशपांड्यांकडची बाळंतीण. त्याने लिहून घेतली. बेसनाचे लाडू दिले, एकच खाल्ला, दुसरा रुमालात बांधून दिला.

सुमन दिवसभर गुणगुणत होती.

ता. २७ नोव्हें., शुक्र.

आज केवढा आनंदाचा दिवस, आणि केवढा... काय लिहू.

दुपारी हमीदाबी मागच्या दाराने आल्या. ह्या पडद्यातल्या, परक्या पुरुषापुढे जात नाहीत. म्हणूनच त्यांच्या चारी मुलींचे निकाहाचे फोटू सुमनने काढले. आल्या त्याच हसत. "आजी, तुमचा तो सरकारी माणूस आला होता बरं का. मी पडद्याआडून साफ सांगितलं, अल्लाची कसम, एक पै दिली नाय. सुमन आमची बेटी, बेटीला कोण पैसे देतं? गप गेला बिचारा!"

मी त्यांचा हात धरला. डोळ्यात पाणी आलं माझ्या. म्हटलं बघा, कशी माणसं.

चार वाजता बायजाबाई. ओव्याहून खास गाडी जुंपून. येताना दोन नारळ नि केळफूल. उंबऱ्यातूनच, "आजे, काय घाबरू नको! आयला होता तो. मना इचारतो, पैसं किती दिलं? आमी काय येडं हाव? सरकार इचारतं म्हंजे काईतरी घ्यायलाच इचारतं. म्या सांगतला, ती आमची बहीन हाय, हौसेनं येते, च्या पिऊन जाते. पोरांना, सुनांना, गड्यांना समद्यांना सांगून ठेवला, पैशाचा नाव कुनी काडाचा नाय!"

मी त्यांना चहा दिला, गूळ जास्त घालून. म्हटलं तुमचे उपकार कसे फेडू.

देशपांड्यांकडूनही निरोप आला, काळजी करू नका, आम्ही सगळं सांभाळून घेतलं.

संध्याकाळी बाळ आला. मी दारातच सगळं सांगितलं, एका श्वासात. वाटलं खूष होईल. तो पायरीवर बसला. टोपी काढली. म्हणाला, "सगळ्यांनी?"

"हो, सगळ्यांनी. अगदी एकमुखाने."

"आई," म्हणाला, "सगळ्यांनी मिळून शौक ठरवला."

मग ओकांनी काय सांगितलं होतं ते आठवलं, नि कळलं.

ता. २८ नोव्हें., शनि.

रागवायचं तरी कुणावर. त्यांनी आमच्यासाठी देवाची शपथ घेतली.

सुमन हमीदाबींकडे गेली होती, मीही बरोबर. हळूच म्हणाली, "खाला, ते पैसे दिले असं सांगितलं असतं तर मला उपयोग झाला असता. आता ओक कागद करून देतील, त्यावर तेवढं..."

हमीदाबींचा चेहरा उतरला. "बेटी, मी कसम खाल्ली. आता दुसरं बोलू? लोक काय म्हणतील, खालाने खोटी कसम खाल्ली?" मग म्हणाल्या, "आणि पैसे कुठे दिले गं मी? तुझी ओटीच भरली ना? तुमच्या रीतीने, मुद्दाम शिकून." तेही खरं.

ओव्याला आम्ही गेलोच नाही.

ता. १९ डिसेंबर, शनि.

ठाण्याचा कागद आला. इंग्रजी. बाळने वाचला, मग मराठीत सांगितला. पाटी नाही, दर नाही, पावती नाही, गिऱ्हाईक म्हणतात पैसे दिले नाहीत, सबब हा धंदा नसून घरगुती हौस आहे. खर्च नामंजूर.

सुमन म्हणाली, "तो शब्द परत वाचा."

"हॉबी."

"हं," म्हणाली. उठून चुलीवरचं दूध उतरवलं.

बाळही काही वाईट नाही. त्याने तिच्या वडिलांच्या स्टुडिओत तिने काढलेला फोटू वखारीत लावलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. पण त्याच्याही हातात काय आहे? कौलं फुटून येतात, माल पडून राहतो. एन्लार्जरला गिऱ्हाईक बघायला सांगितलंय म्हणाला. मग म्हणाला, अजून वरच्या साहेबाकडे अपील आहे, तोपर्यंत थांबू.

ता. ४ जानेवारी १९६०, सोम.

नवी डायरी. कौलवाल्या कंपनीची, दर पानावर कौलाचं चित्र. मला काय, लिहायला जागा असली की झालं.

ओकांच्या सांगण्यावरून पाटी लावली. निळ्यावर पांढरी. सौ. सुमन बा. कर्वे, फोटोग्राफर. फक्त स्त्रिया व मुले. खाली दर. पावतीपुस्तकही छापून आलं. बेबी सारखी बाहेर जाऊन पाटी वाचते. मीही दोनदा भाजी आणायला गेले, नको असताना, परत येताना वाचायला मिळते म्हणून. आपलं नाव दारावर, छापील, सुनेचं! आमच्या सासूबाईंनी बघितली असती तर पाटीसकट मला नदीत टाकलं असतं.

ता. १४ जाने., गुरु. संक्रांत

गेल्या संक्रांतीला सुमनला सात घरी कॅमेऱ्यासकट बोलावलं होतं. हलव्याचे दागिने घातलेल्या नव्या सुना, बोरन्हाणाची पोरं. यंदा दोन घरी बोलावणं आलं, तेही नुसत्या हळदीकुंकवाचं. कॅमेरा आणा म्हणाले नाहीत.

देशपांड्यांच्या काकू रस्त्यात भेटल्या. गोड बोलतात. "अगं, आमच्या ह्यांचं म्हणणं, पाटीवाल्या बाईला घरात बोलवायचं तर मग बाजारातला स्टुडिओच बरा. तिथे निदान पडदाबिडदा रंगवलेला असतो. तू वाईट नको वाटून घेऊ, सुमन. तू आपली घरची होतीस तेव्हा गोष्ट वेगळी."

घरची होती तेव्हा शौक. पाटी लावली तर परकी. मी आपली मनात म्हटलं, तोंडाने तिळगूळ दिला.

मलाही कुठे जायचं नव्हतं आज. बसून राहिले. आतल्या खोलीतच. ही आमच्याच घरची आतली खोली, पण आज तीही तशीच वाटली. चादर धुऊन वाळत घातली होती, घडी करून ठेवली.

ता. ८ फेब्रु., सोम.

एकही बोलावणं नाही. अंधारखोलीत सुमन रिकामी जाऊन बसते. औषधं जुनी झाली की टाकून द्यावी लागतात, तशी टाकली. मोरीत तो आंबट वास. एरवी मला नको व्हायचा, आज बरा वाटला.

बेबीचे फोटू काढ म्हटलं तर सुमन म्हणते, "नको आई, फिल्म फुकट जाईल." पूर्वी असं कधी बोलली नव्हती. बोरन्हाणाच्या पोराचे एकाचे पाच काढायची, चांगलं यावं म्हणून.

बाळने विचारलं, पाटी काढायची का? ती म्हणाली, आता काढली तर साहेबांना काय सांगणार? मग आहे तशी आहे.

ता. ६ मार्च, रवि.

अपिलाची तारीख आली. १५ ला, ठाण्याला. ओक आले होते. पोहे एकदाच घेतले.

म्हणाले, धंद्यात नोकर असतो. "वहिनींच्या हाताखाली कोण आहे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं.

"आजी, तुम्ही चादर धरता ना? म्हणजे मदतनीस. साहेब तुम्हाला विचारतील. एक करा, आनंदाने करते असं म्हणू नका. आवड म्हटली की हौस आली, हौस म्हटली की खर्च गेला. थोडं कंटाळल्यासारखं दाखवा. कष्ट पडतात म्हणा."

"कष्ट पडतातच," मी म्हटलं. "खांदे भरून येतात."

"शाब्बास. हे असंच. पण हसू नका."

बाळ म्हणाला, आईला पगार देतो असं मात्र कुठे लिहायचं नाही. देत नाही तर लिहायचं कसं? ओकांनी मान हलवली.

दुपारी बेबीपुढे कंटाळ्याची तालीम केली. तिने साहेब व्हायचं, मी मी. "आजीबाई, तुम्ही काय काम करता?" मी सुस्कारा सोडून म्हणते, "काय सांगू साहेब, चादर धरते, हात मोडून येतात." इतकं म्हणते नि ओव्याची ती पोरगी आठवते, नि आलंच हसू. चारदा केलं, चारदा हसले. बेबी रागावली. म्हणाली, आजी, तू नापास.

ता. १५ मार्च, मंगळ.

ठाण्याहून परत. जातायेता एष्टी, डोकं अजून गरगरतं. मुंब्र्याच्या पुढे खाडी दिसते ती मात्र सुंदर.

साहेब वयस्कर. जाड भिंगाचा चष्मा, टेबलावर कागद दोऱ्याने बांधलेले. आधी ओकांशी इंग्रजीत. बाळ मध्येमध्ये. खणांची पेटी ओकांनी उघडली नाही, बरं झालं. नव्या पावतीपुस्तकातल्या पावत्या बघितल्या, तीनच फाडल्यात, त्यातली एक वखारीच्या मुनीमाच्या बायकोची. साहेबांनी परत ठेवलं.

मग सुमनकडे वळून मराठीत म्हणाले, "बाई, तुम्हाला या कामाची आवड आहे?"

ओक खाकरले. बाळ जमिनीकडे बघायला लागला. आम्ही सगळ्यांनी तिला पढवलं होतं की नाही म्हण, वडिलोपार्जित काम म्हणून करते म्हण.

सुमन म्हणाली, "आहे."

ओकांनी डोळे मिटले.

"माझ्या वडिलांनाही होती," म्हणाली. "पेणला स्टुडिओ होता त्यांचा. जन्मभर त्यांना त्याच्यापलीकडे काही सुचलं नाही. आईच्या बाळंतपणातसुद्धा डार्करूममध्ये होते. त्यांच्या कामाला कुणी हौस म्हटलं नाही, साहेब. मी तेच काम करते. त्यांच्याच कॅमेऱ्याने."

आवाज चढवला नाही. घरी मीठ संपलं सांगते तशी बोलली. साहेबांनी काहीतरी लिहिलं.

मग मला. "आजीबाई, तुम्ही यांच्याकडे पगारावर आहात?"

मी ओकांकडे बघितलं. ते कंटाळ्याचा चेहरा करून दाखवत होते, मी करावा म्हणून. मला हसू यायला लागलं, ते दाबलं.

"पगार मला कोण देणार, साहेब," म्हटलं. "पण मी चादर धरली नाही तर बाईचं अर्धं तोंड काळं येतं."

साहेब हसले नाहीत. तेही लिहून घेतलं. अर्धं तोंड काळं हे इंग्रजीत कसं लिहिलं असेल देव जाणे.

बाहेर आल्यावर ओकांना विचारलं, मी आपल्या बाजूचं बोलले की त्यांच्या?

"दोन्ही," म्हणाले.

निकाल टपालाने येईल. एष्टीत बाळ खिडकीशी बसला. पनवेल आलं तेव्हा सुमनच्या हातातली पिशवी त्याने घेतली, एवढंच. एरवी घेत नाही.

ता. २६ मार्च, शनि.

टपाल नाही. मुंबईचा एक माणूस एन्लार्जर बघून गेला. आवडला त्याला. लाल दिवा लावून बंद करून बघत होता. सुमन स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. बाळ त्याला म्हणाला, कळवतो.

ता. ३० मार्च, बुध.

आज दुपारी एक बाई दारात. आपटा गावची, पाताळगंगेच्या काठची, बायजाबाईंच्या नात्यातली, चंद्राबाई नाव. पाटी वाचता येत नाही, म्हणाली, "फोटूवाली बाय हितंच ना?" सुनेला सातवा लागलाय, शनिवारी ओटी भरायची. "ओव्याच्या पोरीचा फोटू बगला. आमच्या सुनंचा तसाच काडा, हसताना."

सुमनने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. काय सांगायचं? निकाल तर आला नाही. फुकट म्हणावं तर शौक, दर सांगावा तर बाई उठून जाईल. आणि पोटातलं काही ठाण्याच्या कागदासाठी थांबणार नाही.

सुमनने दर सांगितला. सरळ. तोंडावर. मी पदराचं टोक पिळत बसले.

चंद्राबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरं. पन ओटी भरू देशील ना?"

ता. २ एप्रिल, शनि.

आपट्याला जाऊन आलो. एष्टीने, मग थोडं चालत. बाळने कॅमेऱ्याचे पाय स्टँडपर्यंत खांद्यावर आणून दिले. बाजारातून, सगळ्यांच्या देखत.

घराला खिडक्या बारीक, आत अंधार. सुमनने पोरीला ओसरीवर बसवलं. समोर नदी. पोरगी धीट, आपणहून हसते, उलट तिला गप्प बसवायला वेळ गेला. मी चादर धरली. खांदे भरून आले. शप्पथ सांगते, आज कंटाळ्याचा चेहरा केला असता तर साहेबांनी हजार रुपये दिले असते तरी जमलं नसतं.

ओटी भरताना मी मागे सरले. चंद्राबाईंनी ओरडून विचारलं, "आजे, कुटं चालली?" म्हटलं इथेच आहे. त्यांनी मला बोलावलं नाही, पण विचारलं.

निघताना चंद्राबाईंनी ठरलेले पैसे सुमनच्या हातावर ठेवले. उघडे. पहिल्यांदा असं. सुमनने पुस्तक काढलं, पावती लिहिली, नाव घातलं, फाडून दिली. चंद्राबाईंनी ती उलटसुलट बघितली. "ह्याच्यावर काय लिवलाय?"

"तुम्ही पैसे दिलेत असं."

"कुनी सरकारी मानूस बगल काय ह्याला?"

"कदाचित."

चंद्राबाई आत गेल्या. आम्हाला वाटलं ठेवायला गेल्या. परत आल्या नि सुमनच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "चुलीत घातला. आता कुनाला गावाचा नाय. तू निर्धास्त जा."

सुमन बघतच राहिली. मी बघत राहिले. मग सुमनला हसू फुटलं. तशी ती हसत नाही कधी. नदीपर्यंत हसत गेली, मध्येच डोळे पुसले, परत हसली, मग नुसतेच डोळे पुसले. मी पाठीवर हात ठेवला.

पुस्तकात अर्धुक राहिलंय पावतीचं. पण ओक म्हणतात नुसत्या अर्ध्याने होत नाही, देणाऱ्याने कबूल केलं पाहिजे. आणि आपट्याला कुणी विचारायला गेला तर चंद्राबाई काय सांगतील ते मला आजच माहीत आहे.

घरी आल्यावर बाळला विचारलं, टपाल? म्हणाला, नाही.

सुमन कपडे न बदलता अंधारखोलीत गेली. दाराच्या फटीतून लाल उजेड येतो आहे. बेबी बाहेरून विचारते, आली का गं पोरगी? आतून सुमन म्हणते, थांब, येतेय.

उद्या रविवार. टपाल वाटत नाहीत.